पुसट शिक्का

रविवार, १८ फेब्रुवारी १९७३

माफ कर. दिवाळीपासून एक अक्षर लिहिलं नाही. लिहायचं तर काय — आज ऊन, काल ऊन. रोजची तक्रार वहीत उतरवायची नाही असं ठरवलं होतं. मग लिहिण्यासारखं काही उरलंच नाही!

पुस्तकगृहाचं ठीक म्हणायचं. म्हणजे खोली उघडते, झाडते, बसते, बंद करते. सोसायटीच्या इमारतीतली ही पुढची खोली आपण भाड्याने घेतली तेव्हा मागच्या गोदामात खताची पोती असायची. खत न्यायला आलेला शेतकरी जाता जाता डोकावायचा, एखादं पुस्तक उचलायचा. यंदा दुष्काळ; ना खत, ना बी. गोदाम मोकळं पडलं, म्हणून आमच्या मिशनच्या मदत समितीने तिथे दूधकेंद्र काढलंय. पावडरीचं दूध, तलावाच्या कामावर जाणाऱ्या बायकांच्या लहान पोरांसाठी. सोसायटीचे सचिव सुंदरराव ते सांभाळतात. भल्या सकाळी वाटप असतं, मागच्या बोळातल्या दारातून. मी तेव्हा बहुधा पुस्तकांची पिशवी घेऊन बाहेर पडलेली असते.

पाटोळे साहेब नगरहून येऊन गेले. मिशनच्या सगळ्या पुस्तकगृहांचं तेच बघतात. चहा घेतला, कपाटावरून बोट फिरवलं, बोटाला लागलेली धूळ पाहिली. "एस्तेरबाई, खप असाच राहिला तर पावसाळ्याआधी आष्टी बंद करावी लागेल." रागाने नाही म्हणाले. म्हणूनच जास्त लागलं.

त्रेचाळीस वर्षांची मी. बी. ए. झाले, शाळेतली नोकरी सोडून या कामात आले. खोली बंद झाली तर कुठे जाऊ? आता ही काळजी देवाच्या कामाची की माझ्या भाकरीची — हे मला प्रामाणिकपणे सांगता येत नाही.

बुधवार, २१ फेब्रुवारी

पिशवी घेऊन तलावाच्या कामावर गेले. बायका पाट्या वाहत होत्या. धुळीत सगळ्यांचे चेहरे एकसारखे. दुपारच्या सुट्टीत पुस्तकं मांडून बसले. रुक्मिणीबाई म्हणून एक आहे, तोंडाची तिखट. ती म्हणाली, "पुस्तकात भाकर गुंडाळून मिळती का ओ बाई?" सगळ्या हसल्या. मीही हसले. काय करणार!

एकच पुस्तक गेलं. बाभळीखाली भिवराबाई बसते. वय झालेली, पाटी उचलत नाही तिच्याने, म्हणून सगळ्यांची पोरं सांभाळते. तिच्या मांडीवर तिचा नातू, सिदू. दोनेक वर्षांचा असेल. मुलगा-सून नगरकडच्या कारखान्यावर ऊस तोडायला गेलेत. पोराला ताप होता म्हणून मागे ठेवलं. या पोराने येशूच्या गोष्टींचं छोटं पुस्तक माझ्या हातातून ओढलं आणि सोडीना. वर कोकराचं चित्र आहे. भिवराबाई म्हणाली, "आमची शेरडं पोळ्याआधीच बाजारात गेली. तवापस्नं ह्यो हुडकतोय."

मी म्हणाले, राहू दे त्याला, असंच. नियम मोडून म्हणाले. फुकट द्यायचं नाही हा नियम, फुकटचा कागद चुलीत जातो. तर म्हातारी फणकारली. "फुकट कावून? आमी काय जोगवा मागतोय व्हय?" पदराची गाठ सोडली.

शिक्का खोलीवर राहिला होता. प्रत्येक पुस्तकाच्या पहिल्या पानावर पुस्तकगृहाचा गोल शिक्का हवा. वाचणाऱ्याला पत्ता कळावा म्हणून पाटोळे साहेबांचा हा कडक नियम. मी भिवराबाईला म्हणाले, गावात याल तेव्हा मारून देईन.

सोमवार, २६ फेब्रुवारी

एस. टी. चुकली म्हणून सकाळी खोलीतच होते. मागच्या बोळात गलका. पाहते तर दुधाची रांग कोपऱ्यापर्यंत, आणि पार शेवटी भिवराबाई. कडेवर सिदू. मान खांद्यावर टाकलेली, पण मुठीत पुस्तक घट्ट!

मला भरून आलं. इतक्या वर्षांत आमचं पुस्तक असं कुणी धरलेलं पाहिलं नव्हतं. तिला हाताला धरून रांगेतून बाहेर काढलं. खोलीत बाकावर बसवलं, पाणी दिलं, पुस्तकावर शिक्का मारून दिला. शाईची गादी वाळलेली होती, सुंदररावांची मागायचा कंटाळा केला. भिवराबाईने पान डोळ्यांजवळ नेलं. "लई पुसट आलाय ओ. परत मारा की." "चालतो तेवढा," म्हणाले मी. मग तिला थेट पुढे नेऊन उभं केलं.

सुंदरराव मापट्याने दूध घालत होते. "बाई, ही तुमची का?"

"माझीच समजा. पुस्तक आहे तिच्याकडे."

त्यांनी दोन मापं घातली. रांगेतल्या बायका टकाटका बघत होत्या. बघू देत. पुस्तकाची किंमत एकीला तरी कळली!

पुष्कळ दिवसांनी बरं वाटलं आज.

शुक्रवार, २ मार्च

पिशवी रिकामी! कामावर बसले आणि दुपारच्या सुट्टीत सगळी पुस्तकं गेली. रुक्मिणीबाईनेसुद्धा घेतलं — काही न बोलता!

देवा, मी तुझ्यावर रुसले होते. विसर ते.

शुक्रवार, ९ मार्च

आता बायका खोलीवर येतात. कामावरून सुटल्यावर, अंगावर धूळ तशीच. "बाई, पुस्तक द्या." कुठलं म्हटलं तर — "कंचंबी." आणि शिक्का हवाच. विसरले तर हात पुढे करून उभ्या राहतात. "शिक्का मारा बाई. नीट उमटू द्या." पान फुंकून वाळवतात, पदरात गुंडाळतात. पाटोळे साहेबांचा नियम मला उगीच वाटायचा. आता वाटतं, शिक्क्याने पुस्तक आपलं होत असेल. या बायकांच्या नावावर दुसरं काय आहे?

आता सुंदररावांची गादी मागून आणली. जांभळी शाई, सोसायटीची. ठसठशीत उमटतो.

पुढच्या भिंतीला लागून मकसूदभाईंचं सायकलचं दुकान आहे. ते आज पंक्चर काढता काढता म्हणाले, "बाई, तुमचा शिक्का तर तहसीलदाराच्या वर गेला. मला बी मारा एक कपाळावर, उधारी तरी वसूल हुईल." मी हसले. ते नेहमीसारखे हसले नाहीत, असं आता लिहिताना वाटतंय.

मकसूदभाईंच्या शेळीने बाकावरचं एक पुस्तक अर्धं खाल्लं. म्हणाले, "खाऊ द्या. सवाब मिळंल तिला, तुमचं पुण्य."

शनिवार, १७ मार्च

पाटोळे साहेब जीपने आले. सोबत पेढे! रिकामं कपाट पाहून गहिवरले. आष्टीची खोली बंद करायची गोष्ट संपली. उलट नगरच्या सभेत आमचा दाखला देणार आहेत. दुष्काळात लोक भाकरीच्या आधी देवाचं वचन मागतात, असं बोलणार म्हणे.

मी खाली मान घालून ऐकलं. आनंद झाला. मग लाज वाटली. मग पुन्हा आनंद.

एक प्रश्न मात्र आहे. ज्यांनी पुस्तकं नेली त्यांतल्या किती जणींना वाचता येतं? त्यांची पोरं वाचतील, असं स्वतःला सांगितलं. फार खणायचं नाही. की खणायचं?

शुक्रवार, २३ मार्च

रुक्मिणीबाईला विचारलं — पुस्तकातलं काय आवडलं? "समदंच," म्हणाली आणि पायाकडे बघत राहिली. तिखट बाई अशी गप्प का?

खणायला हवं होतं. आज दमले आहे.

मंगळवार, ३ एप्रिल

खाली बसून नीट लिहिते.

काल संध्याकाळी मकसूदभाई दाराशी आले. टोपी काढून हातात धरलेली. "बाई, राग मानू नका. उद्या सकाळी कामावर जाऊ नका. मागच्या बोळात जाऊन बघा एकदा." काय ते सांगेनात. "मी सांगितलं तर तुमाला वाटंल, मुसलमान मानूस हाय, पुस्तकावर जळतो. तुमच्या डोळ्यानं बघा."

आज पाहिलं. गोदामाच्या दारात दोन रांगा. एक हातात पुस्तक असलेल्यांची, एक नसलेल्यांची. दारात मुंजाजी, सोसायटीचा शिपाई. तो प्रत्येकीचं पुस्तक उघडतो, पहिलं पान बघतो, शिक्का दिसला की आत सोडतो. पुस्तकवाल्या संपल्या की मग दुसरी रांग. पातेलं तोवर तळाला गेलेलं. आज दुसऱ्या रांगेतल्या निम्म्या बायका रिकामी भांडी घेऊन परतल्या. एकीचं पोर रडतही नव्हतं, नुसतं भांड्यात बघत होतं.

सुंदररावांना बाजूला घेतलं. माझा आवाज चढला. ते गोंधळलेच. "पन बाई, तुमीच तर सांगितलं!"

"मी? कधी?"

"त्या म्हातारीला पुढं आनलं तवा. मी इचारलं, तुमची का? तुमी म्हनल्या, पुस्तक हाय तिच्याकडं. आता दुधाची पावडर तुमच्या लोकांची. मला वाटलं, तुमचा नियम हाय. मी सोसायटीचा मानूस, बाई. सभासदाला आधी, बिगरसभासदाला मागनं — आमच्यात बी तसंच आसतंय."

ते खोटं बोलत नव्हते. मी ते म्हणाले होते. मागे जाऊन वही पाहिली. लिहिलंय. माझ्याच अक्षरात, आणि किती खुशीत!

गुरुवार, ५ एप्रिल

काल पाडवा. गावात गुढ्या थोड्याच दिसल्या. साखरगाठ्यांना कुणाकडे पैसे आहेत?

दिवसभर एकच विचार. गप्प राहिले तर? सुंदररावांना हळूच सांगायचं, एक रांग करा. बायकांना काहीच सांगायचं नाही. खोली राहील, सभेतला दाखला राहील, पगार राहील. पुस्तकं तर घरात पोचलीच ना! हे सगळं माझ्याच डोक्यात आलं. कुणी सुचवलं नाही.

आज सकाळी रांगेसमोर उभी राहिले. म्हणाले, पुस्तकाचा आणि दुधाचा काही संबंध नाही. शिक्का हा फक्त दुकानाचा पत्ता आहे. चूक माझी. आजपासून एकच रांग. ज्यांना पुस्तक परत करायचंय त्यांनी करा, दिलेले पैसे परत मिळतील.

मग रुक्मिणीबाई. "मंग इतके दिस कावून मारत हुता शिक्के?"

मला माहीत नव्हतं, म्हणाले.

"तुमाला म्हाईत न्हवतं! अवं, गावातल्या कुत्र्याला म्हाईत हुतं!"

मागून कुणीतरी, "आमी काय देव मागितला हुता का? दूध मागितलं." आणखी एक, "ऱ्हाऊ दे गं, चुलीला बरा हाय कागद." हसू फुटलं. चांगलं हसू नव्हतं ते.

सगळ्यात वाईट वाटलं ते एका तरण्या पोरीचं. तिने पुस्तक पुसून, दोन्ही हातांनी परत दिलं. म्हणाली, "डाग न्हाई पडू दिला, बगा." जणू माझी वस्तू तिने जपून ठेवली होती.

दुपारपर्यंत बाकावर पुस्तकांचा ढीग. पहिल्या पानावर जांभळा शिक्का, बाकी पानं कोरी करकरीत. कुणी उघडलीच नव्हती.

भिवराबाई रांगेत नव्हती.

शुक्रवार, ६ एप्रिल

कुणी आलं नाही. मकसूदभाईंनी चहा पाठवला. परत पाठवायला तोंड नव्हतं. प्याले.

बुधवार, ११ एप्रिल

पाटोळे साहेबांना सगळं कळवलं होतं. आज आले. पेढे नव्हते.

बाकावर टेकले. मग — "एस्तेरबाई, तुम्ही फार विचार करता. पुस्तक कोणत्या कारणाने घरात गेलं ते बघायचं नसतं. पेरलं की कुठंतरी उगवतं."

"यंदा काय उगवलंय, साहेब?" तोंडातून निघून गेलं.

ते कपाटाकडे बघत राहिले. पुन्हा भरलेल्या. सभेत ते बोलून आले होते! आता तो दाखला मागे कसा घ्यायचा, हा त्यांचा प्रश्न. बिचारे. वाईट माणूस नाही. म्हणाले, "नगरला कळवतो. मे अखेरीला खोली सोडू. तुमची व्यवस्था बघतो." व्यवस्था म्हणजे काय ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

जाताना परत आलेल्या पुस्तकांतलं एक उचलून त्यांनी पिशवीत टाकलं. का, कोण जाणे.

मी खरं बोलले म्हणून हलकं वाटायला हवं होतं. वाटत नाही. खरं बोलण्याचा मान मला मिळाला, दूध मात्र महिनाभर दुसऱ्यांच्या पोरांचं गेलं.

शुक्रवार, २० एप्रिल

उत्तम शुक्रवार, येशूच्या मरणाचा दिवस. इथे चर्च नाही. दार लावून एकटीनेच प्रार्थना केली. मग नुसती बसले.

दूधकेंद्र आता नीट चाललंय. रोज सकाळी मी स्वतः रांगेपाशी उभी असते. एकच रांग, सगळ्यांत लहान पोर आधी. सुंदरराव माझ्याशी जपून बोलतात, मुंजाजी बोलतच नाही.

भिवराबाईचं विचारलं. रुक्मिणीबाई म्हणाली, "आली न्हाई खरी. वस्तीवर आसंल." तिची वस्ती पाटोद्याच्या रस्त्याला, लांब आहे. एकदा जायला हवं. ऊन फार आहे. हे कारण आहे की निमित्त?

मंगळवार, २४ एप्रिल

भिवराबाई आली.

पुस्तकं खोक्यात भरत होते. दारात सावली पडली. एकटीच. कडेवर कुणी नाही. मी सिदूचं विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती. तिनेच सांगितलं, उंबऱ्यावर बसून, घोटभर पाणी पिऊन. पाडव्याच्या आधीच गेला. तापच होता. दोनदा दुधाला आणलं होतं, तेव्हा मुंजाजी म्हणाला, शिक्का दिसत नाही, मागच्या रांगेत जा. मागच्या रांगेला दूध पुरलं नाही. सून अजून कारखान्यावर आहे, तिला कळवलेलं नाही.

माझ्याकडे रागाने पाहील असं वाटलं. पाहिलं असतं तर बरं झालं असतं. मी म्हणाले, भिवराबाई, माझं चुकलं. तिने ऐकलंच नाही. ती एक विचारायलाच आली होती.

"पुस्तक त्याच्या उशाला ठिवलं, पुरताना. म्हनलं, तिथं तरी मागच्या रांगेत उबं ऱ्हाया लागू नये लेकराला." मग अगदी हळू — "पन शिक्का पुसट हाय ओ बाई. चालंल का तिथं?"

साऱ्या गावासमोर मी सांगितलं होतं, त्या शिक्क्याला काही अर्थ नाही.

"चालेल," म्हणाले. "तिथे चालेल."

उद्या सकाळी भिवराबाईच्या वस्तीवर जायचं. पिशवी न घेता.